होल्टर टेस्टला वय वंदना कार्ड चालतं का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी, वडील ७२ वर्षांचे, महिनाभर झाला अधूनमधून एकदम डोळ्यांपुढे अंधारी येते, परवा गोठ्यात दावं सोडताना तसेच खाली बसले. ईसीजी नॉर्मल, इको पण ठीक. डॉक्टर म्हणाले ठोके मधेच थांबतायत का ते बघू, २४ तासांचं होल्टर करून घ्या, म्हणजे छातीला चकत्या चिकटवून छोटं मशीन अंगावर ठेवतात आणि ते दिवसभर ठोक्यांची नोंद घेतं. आम्ही वय वंदना कार्ड काढलंय, आयुष्मान योजनेचं सत्तरीच्या वरच्यांसाठीचं, पाच लाखांचं, पण सेंटरवाले म्हणतात कार्ड चालणार नाही, रोख भरा. खरंच असं आहे का? आणि पुढं पेसमेकर, म्हणजे ठोके चालू ठेवणारं मशीन बसवायचं निघालं तर तो तरी बसतो का कार्डात?

माजी_डेस्कवाला:
दादा, सेंटरवाले खोटं नाही बोलत. मी एका हॉस्पिटलात योजनेच्या डेस्कवर होतो, हा प्रश्न रोज यायचा. आयुष्मान काय किंवा आपली महात्मा फुले योजना काय, दोन्ही मुळात अ‍ॅडमिट होऊन घ्यायच्या उपचारासाठी आहेत, ओपीडीत चिठ्ठी घेऊन बाहेर केलेली तपासणी त्यात येत नाही, मग ते होल्टर असो नाहीतर एमआरआय. पण पेशंट योजनेतल्या हॉस्पिटलात दाखल असेल तर त्या उपचारासाठी लागणाऱ्या तपासण्या पॅकेजमध्येच, म्हणजे त्या उपचाराला योजनेनं ठरवलेल्या रकमेतच धरतात, शिवाय आयुष्मानमध्ये दाखल व्हायच्या आधीचे ३ दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस पण धरलेत. आता तीन दिवसांत होल्टर, रिपोर्ट, अ‍ॅडमिशन सगळं कुठं जमतंय, म्हणून बहुतेकांचे पैसे खिशातूनच जातात. मला हे अजिबात पटत नाही. ज्या तपासणीने आजार सापडतो तीच बाहेर ठेवायची आणि सापडल्यावर लाखाचं ऑपरेशन फुकट करायचं, गरीब माणूस तपासणीपाशीच थांबतो ना.
पेसमेकर मात्र बसतो. सिंगल चेंबर, डबल चेंबर दोन्हीची पॅकेज आहेत, मशीनसकट. होल्टरचा रिपोर्ट आणि ठोक्यांच्या पट्ट्यांचे प्रिंट जपून ठेवा, प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधीची योजनेची मंजुरी मागताना तेच लागतात. जुना आजार आहे म्हणून कार्ड नाकारता येत नाही. मशीनचे वरचे पैसे कुणी मागितले तर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलातल्या योजनेच्या माणसाला गाठा, नाहीच ऐकलं तर १४५५५ (आयुष्मान) नाहीतर १५५३८८ (महात्मा फुले) ला तक्रार करा.

घाटमाथा:
रोख भरायच्या आधी जिल्हा रुग्णालयात विचारून बघा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत केलंय. होल्टरचं मशीन सगळीकडं नसतं, तेवढं फोन करून जा. मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं त्या निर्णयात नाहीत, ती वेगळ्या खात्याची, पण तिथंही दर प्रायव्हेटपेक्षा खूप कमी असतात. आणि घरात कुणी कंपनीत कामाला असून पगारातून ईएसआयसी (कामगार विमा) कापली जात असेल तर तेही बघा, तिथं ओपीडी पण धरतात, आईवडील अवलंबून असतील तर त्यांचंही होतं, फक्त त्यांच्या उत्पन्नाची अट आहे.

कृष्णाकाठ:
खूप आभार दोघांचे. धाकट्या भावाची ईएसआयसी कापतात, हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि वडील विचारतायत ते होल्टरचं मशीन लावून धार काढता येईल का?

सिस्टरताई:
काकांना सांगा, रोजची कामं करायचीच आहेत, झोपून राहिलं तर चक्कर यायची ती कदाचित येणार नाही आणि रिपोर्ट कोरा जाईल. लावायला जायच्या आधी अंघोळ उरकून घ्या, नंतर मशीन काढेपर्यंत पाणी लागू द्यायचं नाही. छातीला तेल, पावडर नको, चकत्या सुटतात आणि मग रिपोर्टमध्ये नुसती खरखर येते. खिशात छोटी वही ठेवायची, चक्कर आली की घड्याळ बघून वेळ आणि तेव्हा काय करत होतो ते लिहायचं, मशीनवर बटण असेल तर तेही दाबायचं. डॉक्टर तीच वेळ पट्टीवर शोधतात, वही नसेल तर निम्मा उपयोग जातो. पण चक्कर रोज येत नसेल तर २४ तासांत सापडेलच असं नाही, ४८ तासांचं किंवा त्याहून जास्त दिवसांचं करायचं का हे डॉक्टरांना आत्ताच विचारा, दोनदा पैसे नकोत.
आणि एक, तोवर काकांना विहिरीवर, माडीवर एकटं पाठवू नका, गाडी तर अजिबात चालवू देऊ नका. पूर्ण शुद्ध हरपली तर होल्टरची तारीख बघत बसायचं नाही, १०८ ला फोन करून योजनेतल्या हॉस्पिटलात न्या, इमर्जन्सीत हॉस्पिटल फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करू शकतं, कागद मागनं देता येतात. कार्ड आणि आधार एकाच पिशवीत दाराजवळ ठेवा.