सोलर ठीक, पण स्लॅबचं काय?

"छतावर सोलर बसवलं की घर हरित झालं" असं बरेच जण म्हणतात, पण मला ते अर्धंच पटतं. सोलरमुळे पुढची वीज वाचते, पण स्लॅब पडेपर्यंतचा कार्बन आधीच हवेत गेलेला असतो. त्यात मोठा वाटा क्लिंकरचा, म्हणजे चुनखडी भट्टीत भाजून केलेल्या, सिमेंटच्या मुख्य घटकाचा. भट्टी कशावरही पेटवा, चुनखडी भाजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघणारच, आणि क्लिंकरचं निम्म्याहून जास्त उत्सर्जन तिथलंच.

म्हणून आर्किटेक्टने आधी सिमेंटकडे बघावं. पीपीसी या मिश्र सिमेंटमध्ये क्लिंकरच्या जागी १५ ते ३५ टक्के औष्णिक वीजकेंद्रातली राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश असते, आणि ते कुठल्याही दुकानात मिळतं. भाजलेली माती नि न भाजलेली चुनखडी मिसळलेल्या एलसी३ या सिमेंटमध्ये तर क्लिंकर साधारण निम्मंच. २०२३ पासून त्यालाही भारतीय मानक आहे, आयएस १८१८९. अडचण येते ती साइटवर. मिस्त्रीला गिलाव्यालासुद्धा ५३ ग्रेडचं, म्हणजे राख न मिसळलेलं जास्त ताकदीचं सिमेंटच हवं असतं (का, ते विचारू नका!). पीपीसी सुरुवातीला सावकाश ताकद धरतं, म्हणून काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ त्याला साध्या सिमेंटच्या ७ दिवसांऐवजी किमान १० दिवस पाणी मारायला सांगतं. हे जादा दिवस आणि सेंट्रिंग (स्लॅबखालचा तात्पुरता आधार) उशिरा काढणं टेंडरमध्येच लिहून घ्या. नाहीतर ठेकेदार सवयीने सातव्या दिवशी पाइप गुंडाळतो आणि खापर सिमेंटवर फुटतं.