फाउंड्रीतून आलेली चिप आपल्याच आरेखनाची आहे, हे तपासायचे कसे?

प्रश्न
मी एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षात आहे. आमच्या चिपचे आरेखन आम्ही स्वतः केले असून त्याची पडताळणीही पूर्ण झाली आहे; मात्र ती परदेशी फाउंड्रीत, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्यात, तयार होणार आहे. तिथे कोणी लेआउटमध्ये (चिपवरील मांडणीच्या नकाशात) हार्डवेअर ट्रोजन, म्हणजे छुपा घातक फेरफार, घुसवला, तर नेहमीच्या टेस्ट व्हेक्टरने (चाचणीसाठी ठरवलेल्या इनपुट-संचांनी) तो सापडेल का? चिपमध्ये यादृच्छिक संख्यानिर्मितीचा विभाग आहे, म्हणून काळजी अधिक वाटते.

उत्तर १
केवळ व्हेक्टरवर भिस्त ठेवू नये. 2013 मध्ये संशोधक बेकर आणि सहकाऱ्यांनी इंटेलच्या आयव्ही ब्रिज प्रोसेसरमधील यादृच्छिक संख्यानिर्मितीच्या विभागाच्या आरेखनावर हल्ला मांडला. (प्रत्यक्ष बाजारातील चिपमध्ये ट्रोजन सापडला, असा त्याचा अर्थ नाही.) त्यांनी एकही तार वा ट्रान्झिस्टर वाढवला नाही, काही ट्रान्झिस्टरचे डोपिंग (सिलिकॉनमध्ये मिसळलेली अशुद्धी) तेवढे बदलले, ज्यामुळे ठरावीक फ्लिपफ्लॉप (एक बिट साठवणारे घटक) कायमचे 0 किंवा 1 वर अडकले. 128 बिटांची अनिश्चितता अशाने 32 बिटांपर्यंत खाली आणता येते, आणि तरीही शेवटचे आकडे एईएस या कूटलेखन पद्धतीतून गाळून येत असल्यामुळे ते सांख्यिकी चाचण्यांत उत्तीर्ण होतात. चिपच्या अंतर्गत स्वयंचाचणीतील चेकसम (निकाल पडताळण्याची बेरीज) जुळेल असेच अडकवलेले बिट निवडले होते, हा त्यातला खरा कावा.

उत्तर २
वरील माहिती बरोबर आहे, पण डोपिंगमधला बदल दिसतच नाही असे नाही. साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला तो दिसत नसला, तरी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तो ओळखता येतो, हे 2014 मध्येच दाखवले गेले. पुढे 2023 मध्ये जर्मनीतील बोखुमच्या संशोधकांनी 90 ते 28 नॅनोमीटरच्या चार चिपांची छायाचित्रे लेआउटशी ताडून पाहिली; 40 पैकी 37 फेरफार सापडले आणि निसटलेले तिन्ही 28 नॅनोमीटरच्या चिपमधले होते. अडचण एवढीच, की तपासलेली चिप खरवडली जाते, त्यामुळे वापरात जाणारी चिप कधीच तपासलेली नसते.

उत्तर ३
विद्यार्थ्यांच्या हाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सहसा नसतो, म्हणून आरेखनातच सोय करावी. बेकर यांच्या हल्ल्यात स्वयंचाचणीचे बीज (आकडे ज्यापासून तयार होतात ते सुरुवातीचे मूल्य) ठरलेले होते, म्हणून ती फसली. बाहेरून हवे ते बीज भरता यावे आणि प्रत्येक वेळी निघणारे आकडे आरेखनाच्या संगणकीय मॉडेलशी ताडता यावेत, अशी वाट ठेवा. बीज बदलत गेले, की अडकलेला बिट लपत नाही. मात्र हीच वाट पुढे हल्लेखोराच्या उपयोगी पडते, तेव्हा चाचणी संपताच ती चिपमधला फ्यूज जाळून कायमची बंद करावी. शिवाय एईएसपूर्वीचे कच्चे बिट स्वतंत्रपणे तपासा, कारण अनिश्चिततेच्या उगमातच खोट असेल तर बीज बदलून ती कळणार नाही.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आमच्या स्वयंचाचणीतही एकच ठरलेले बीज आहे, त्यामुळे लेआउट पाठवण्याची तारीख पुढे ढकलण्याविषयी आज मार्गदर्शकांशी बोलतो.