बाबांनंतर आईच्या नावाने पीएम-किसान मिळेल का? (भिवापूर, नागपूर जिल्हा)

भिवापूरची लेक
नमस्कार. आमचं साडेतीन एकर वावर आहे, सोयाबीन आणि थोडी मिरची. बाबा मागच्या दिवाळीच्या आधी गेले. त्यांना पीएम-किसानचे ६,००० आणि नमो शेतकरीचे ६,००० असे वर्षाला मिळायचे, ते बंद झाले. वारस फेरफार झाला, सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि माझं नाव चढलं. आता एका केंद्रावर सांगतात, '१ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेली जमीन चालत नाही, फॉर्म भरूच नका.' आईने ही जमीन काल-परवा विकत घेतली का हो? लग्न होऊन आली तेव्हापासून तीच निंदते आहे ते वावर. त्यात तिचा अंगठा मशीनवर उमटत नाही. मिरचीचे देठ तोडून तोडून बोटांच्या रेषा पार गुळगुळीत झाल्यात. मशीनवाला पोरगा तिचं बोट धरून दाबत राहिला, ती आपली मुकाट्याने पदराला हात पुसून पुन्हा ठेवायची. मला ते बघवलं नाही. कोणाला नीट माहिती असेल तर सांगा.

संत्रावाला काटोल
ताई, तुम्हाला अर्धंच सांगितलं. तारखेची अट खरी आहे, पण मालकाच्या मृत्यूमुळे वारसाकडे आलेल्या जमिनीला तिच्यातून सूट आहे. फॉर्ममध्ये '२०१९ नंतर' निवडलं की कारण विचारतात, तिथे वारसाहक्क टाका. मृत्यू दाखला, फेरफार, सातबारा, आठ-अ, रेशन कार्ड जवळ ठेवा. आधी आईचा स्वतःचा फार्मर आयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, काढा, बाबांचा चालणार नाही. अंगठ्याचं टेन्शन घेऊ नका, पीएम-किसानच्या ॲपवर चेहरा दाखवून ई-केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, होते. आमच्या मायचं ओसरीत होईना, अंगणात उजेडाकडे तोंड करून बसवलं तर लगेच झालं.

धानवाली, मौदा
आईला लाडकी बहीण मिळते का? मिळत असेल तर आधी हिशेब करा. नमो आणि पीएम-किसान सुरू झालं की लाडकी बहीणचे महिन्याला १,५०० चे ५०० होतात. म्हणजे १२,००० अधिक ६,०००, वर्षाचे १८,०००. आत्ताही तिला १८,०००च येतात. भाऊ शेती करत असेल, सरकारी नोकरी नसेल, इन्कम टॅक्स भरत नसेल, तर त्याच्या नावाने भरा. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. सज्ञान भावाचं कुटुंब वेगळं धरतात.

भिवापूरची लेक
हे कोणीच सांगितलं नव्हतं, ताई. मिळते लाडकी बहीण. भाऊ शेतीच करतो, पण आई म्हणते, 'शेतकरी म्हणून माझं नाव कुठे तरी लागू दे.'

संत्रावाला काटोल
आईचं वय किती? लाडकी बहीण ६५ पर्यंतच आहे, पीएम-किसानला तशी वरची मर्यादा नाही.

भिवापूरची लेक
६३ पूर्ण.

संत्रावाला काटोल
मग माझं मत विचाराल तर आईच्याच नावाने भरा. आज फरक पडणार नाही, दोन वर्षांनी पडेल. फार्मर आयडी तर काढाच, आता पीकविम्यालाही तोच लागतो. आणि बँकेत विचारून घ्या, तिचं आधार कोणत्या खात्याला जोडलंय. फॉर्मवर खातं कोणतंही लिहा, पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच पडतात.

भिवापूरची लेक
सोमवारी आईला घेऊन तालुक्याला जाते. दोघांचेही मनापासून आभार.