लायब्ररी मॉडर्न करायची म्हणजे रॅकच काढायचे का?

घोडबंदरकर: ठाण्यातल्या आमच्या जुन्या कॉलेजच्या (नाव नाही घेत) लायब्ररीचे फोटो माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आलेत. तळमजल्यावरचे लोखंडी रॅक गायब, तिथे रंगीत सोफे, काचेच्या डिस्कशन रूम, भिंतीवर मोठ्ठा टीव्ही. पुस्तकं कुठायत विचारलं तर म्हणे निम्मी वर गोदामात, बाकीची रद्दीत, आता सगळं ऑनलाइन आहे. अरे पण ऑनलाइन म्हणजे भाड्याचं घर ना, एन-लिस्टची (कॉलेजांना ई-पुस्तकं-जर्नल्स देणारी योजना) फी भरताय तोवर वाचा, एका वर्षी राहिली की कपाट रिकामं. त्यातही बहुतेक सगळं इंग्रजी, मग मराठी घेतलेल्या पोरांनी काय करायचं? ८९१.४६ च्या (म्हणजे मराठी साहित्याच्या) रॅकपाशी नुसतं टंगळमंगळ करताना मला जी पुस्तकं सापडली ती सर्च करून कशी सापडली असती, मुळात नावंच माहीत नव्हती.

दिवा_लोकल: काका रागावू नका, पण मी आत्ता शिकतेय (दुसरं कॉलेज, ठाण्यातलंच). घरी एका खोलीत आम्ही पाच जण आणि टीव्ही. मला लायब्ररीत आधी बसायला जागा हवीय, मग पुस्तक. परीक्षेच्या वेळी खुर्ची मिळावी म्हणून सातची लोकल पकडते आणि प्लग अख्ख्या हॉलमध्ये दोन, तेही चपलांच्या स्टँडमागे. सोफे आले तर मी तरी नाही रडणार.

पामबीच_पंटर: +१. आणि "रॅकपाशी फिरताना" वगैरे तुमचं नशीब हो, आमच्या कॉलेजात जाळी होती जाळी. चिठ्ठी द्यायची, शिपाईकाका आत जाऊन चहा पिऊन यायचे आणि "नाहीये". जुनं मराठी वाचायचं तर ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे की १८९३ पासून, कॉलेजने कशाला सांभाळायचं? शिवाय आता केंद्र सरकारच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेत १३,००० जर्नल्स येतायत.

घोडबंदरकर: ती योजना सरकारी संस्थांसाठी आहे रे, आमचं खासगी कॉलेज त्यात कुठे बसतंय. आणि जागा द्यायला माझा विरोध नाहीच, पुस्तकांच्या जागेवरच का, एवढंच विचारतोय. जिमखान्याची खोली वर्षभर कुलपात असते ती नाही दिसत कोणाला.

कळव्याची_ग्रंथपाल: नोकरीत आहे म्हणून बोलते. निर्लेखन, म्हणजे जुनी निरुपयोगी पुस्तकं काढून टाकणं, करावंच लागतं, मी स्वतः केलंय. आयकराचं १९९४ चं गाईड, मागच्या तारखांच्या कागदावर तीनच शिक्के, पानं पापडासारखी मोडतात, ते ठेवून कोणाचं भलं? पण त्याची रीत असते, दाखल रजिस्टरशी (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंदवही) ताडून यादी, मग समिती, मग मंजुरी. इंटिरियरवाला घाई करतो म्हणून टेम्पो भरायचा नसतो. डिजिटलचं म्हणाल तर लायब्ररीच्या नोंदींचं कोहा सॉफ्टवेअर फुकट आहे, पण नोंदी करायला माणूस लागतो ना, तो कोण देणार? मग ओपॅकवर (लायब्ररीची ऑनलाइन यादी) पुस्तक "उपलब्ध" आणि रॅकवर पत्ता नाही. सगळ्यात राग कशाचा येतो सांगू, एन-लिस्टचा लॉगिन घरबसल्या चालतो, फी कॉलेजने भरलेली असते आणि पोरं टेलिग्रामवर चोरीच्या पीडीएफ शोधत बसतात. आम्ही सांगतच नाही त्यांना, नोटीस लावतो कुठे तर झेरॉक्सच्या खिडकीशेजारी.

पामबीच_पंटर: हे मात्र खरंय मॅडम. पदवी मिळाली तरी मला कळलं नव्हतं असं काही असतं.

घोडबंदरकर: म्हणजे जाळी गेली आणि पासवर्ड आला, चिठ्ठी तीच 😄

दिवा_लोकल: आज विचारलं आमच्याकडे. फॉर्म भरला, ईमेल आयडी दिला, लॉगिन येईल म्हणाले. आणि काका, तुमचं ते ८९१.४६ पण बघून आले. पार कोपऱ्यात, सगळ्यात खालचा कप्पा, फरशीवर बसावं लागतं. पण तिथे एक प्लग आहे आणि तो चालू आहे. कोणाला सांगू नका.