कमीत कमी सामानात पास्ता, चीज-क्रीम न घालता?

विश्रामबागकर:
नमस्कार मंडळी, सांगलीत असते. घरी गॅस, एक मोठं पातेलं आणि एक लोखंडी कढई एवढंच आहे, ओव्हन वगैरे नाही. आईला पास्ता आवडतो पण हॉटेलातला पांढऱ्या सॉसचा तिला जड पडतो, आणि पाकिटातला मसाला मला घालायचा नाही. लसूण, तेल, मिरची, कोथिंबीर एवढ्यात काही चांगलं होतं का? नीट सांगा, प्रमाणासकट.

अजिंक्यतारा:
ताई, होतं आणि फार छान होतं! तुम्ही जे सामान लिहिलंय ना तो जवळपास नेपल्सचा पदार्थच आहे, आल्यो ए ओल्यो म्हणतात, लसूण आणि तेल, बास. तिकडे कोथिंबिरीच्या जागी पार्सली घालतात एवढाच फरक.

दोघींना २०० ग्रॅम स्पगेटी घ्या. दोन लिटर पाणी खळखळून उकळू द्या आणि त्यात मीठ सढळ हाताने, मोठा चमचा भरून, कारण पास्त्याच्या आत मीठ जायची तेवढी एकच वेळ असते, नंतर वरून घातलेलं मीठ वरच राहतं. पाण्यात तेल घालू नका, काही उपयोग नाही. त्यापेक्षा पहिली दोन मिनिटं हलवत राहा, चिकटायचं असतं ते तेव्हाच.

तोवर कढईत चार मोठे चमचे तेल गार असतानाच लसणाचे पातळ काप टाका, आपला गावठी बारीक लसूण असेल तर दहा-बारा पाकळ्या, आणि मग मंद गॅस. तेल आधी तापवून लसूण टाकला तर बाहेरून लाल होतो आणि आतला वास तेलात उतरतच नाही. काप कडेने फिकट सोनेरी दिसले की सुकी मिरची चुरून घाला आणि लगेच गॅस बंद, लोखंडी कढई आहे तर जरा आधीच, ती बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. लसूण तांबूस झाला की कडू लागणार, मग वरून काही घाला तो कडूपणा जात नाही.

आता खरी गोष्ट. पाकिटावर जी मिनिटं लिहिलीत त्याच्या दोन मिनिटं आधी पास्ता काढायचा, पण पाणी ओतून द्यायचं नाही!! ते पिठूळ पाणी म्हणजेच तुमचा सॉस. वाटीभर कढईत घाला, पास्ता घाला, गॅस मोठा करा आणि चिमट्याने जोरात हलवत राहा. पहिल्यांदा तेल वेगळं, पाणी वेगळं दिसेल, मग मिनिटभरात दोन्ही एकजीव होऊन दुधाळ होतं आणि एकेका धाग्याला चकाकी येते. पाण्यात उतरलेलं स्टार्च तेल धरून ठेवतं म्हणून होतं हे, क्रीमची गरजच नाही. कोथिंबीर शेवटी, गॅस बंद करून. आणि पास्ता गार पाण्याने धुवायचा नाही, धुतला की तेच स्टार्च गेलं.

खपली_गहू:
वरचं सगळं बरोबर हाय, पण पास्ता कुठला घेताय त्यावर निम्मं अवलंबून असतंय. पाकिटामागं वाचा, ड्युरम गहू किंवा ड्युरम सेमोलिना लिहिलेलं पाहिजे. नुसता मैदा असला की शिजता शिजता लगदा होतोय आणि पाणी खळीसारखं होऊन बसतंय. इटलीत सुक्या पास्त्याला ड्युरमचाच रवा पाहिजे असा १९६७ पासून कायदाच हाय. आपल्याकडं बक्षी गहू म्हणतात तो ड्युरमच, आणि खपली त्याचीच जवळची जात. आपल्या भागात खपलीच्या शेवया करतात त्या शिजून पण अख्ख्या राहतात बघा, ते उगाच न्हाई. इटलीत पण खपलीच्या जातीचा पास्ता मिळतोय.

शेंगतेल:
ऑलिव्ह ऑइल आणलं नसेल तर अडून बसू नका ताई. घाण्याचं शेंगतेल वापरा, मी तेच वापरते. वास वेगळा येतो, पण लसूण आणि बेडगी मिरचीबरोबर जमतो. तिखट हवं असेल तर बेडगीबरोबर एखादी संकेश्वरी.

अजिंक्यतारा:
शेंगतेलाला माझा विरोध नाही पण कच्च्या घाणीचा वास लसणावर चढतो हो. एवढ्या कमी सामानात प्रत्येक गोष्टीची चव समोर येते, म्हणून पहिल्यांदा तरी ऑलिव्हची छोटी बाटली आणून बघा, मग आईला काय आवडतं ते ठरवा.

विश्रामबागकर:
दोन्हीही करून बघते. रविवारी पाहुणे आहेत, सकाळी करून ठेवला तर दुपारी चालेल का?

अजिंक्यतारा:
नको, हा पास्ता वाट बघत नाही, गार झाला की चिकटतो आणि तेल सुटतं. लसूण चिरून, मिरची चुरून, कोथिंबीर निवडून तयार ठेवा. पाहुणे हातपाय धुवायला गेले की पाणी चढवा, वीसेक मिनिटांत ताटात येतो. आणि जास्त माणसं असतील तर पास्ता एकदम उकळा पण कढईत दोन वेळा करून परता, एका कढईत चौघांचा हलवला जात नाही.