दुय्यम पात्राचे शौर्य: शब्द कोणता वापरावा?

भाषांतरकर्ती:
किशोरवयीन वाचकांच्या एका मासिकासाठी मी डिस्टोपियन, म्हणजे जुलमी भविष्यकाळ रंगवणाऱ्या, कादंबऱ्यांतल्या दुय्यम पात्रांवर लेख लिहीत आहे आणि एका शब्दापाशी चार दिवस अडले आहे. 'द हंगर गेम्स' मालिकेच्या दुसऱ्या भागात, म्हणजे २००९ सालच्या 'कॅचिंग फायर'मध्ये, मॅग्ज नावाची ऐंशी वर्षांची म्हातारी आहे. तिचे बोलणे धड कोणाला कळत नाही, तरी एका तरुण मुलीच्या जागी ती आपणहून त्या जीवघेण्या खेळात उतरते. पुढे विषारी धुके पाठलाग करू लागते, तिला आणि आणखी एका साथीदाराला, अशा दोघांना पाठुंगळी घेऊन पळणे तिच्या सोबत्याला, फिनिकला, शक्य नसते, तेव्हा ती त्याचे चुंबन घेते आणि लंगडत सरळ त्या धुक्यात शिरते. मी लिहिले, 'मॅग्जचे शौर्य'. आठवीतल्या भाचीने कच्चा मसुदा वाचला आणि म्हणाली, "मावशी, शौर्य लढणाऱ्याचं असतं. ती तर नुसती चालत गेली." तिचे म्हणणे मला खोडता आले नाही. 'नायकत्व' लिहावे, तर नायक म्हणजे कथेतले मुख्य पात्र, आणि माझा लेख तर मुख्य नसलेल्यांविषयी आहे. आपण काय सुचवाल?

निवृत्त संस्कृत शिक्षिका:
आपल्या परंपरेने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. वीररसाचे युद्धवीर, दानवीर, धर्मवीर आणि दयावीर असे चार प्रकार सांगितले आहेत, आणि सापांचा जीव वाचावा म्हणून गरुडापुढे स्वतः आडवा होणारा जीमूतवाहन हा दयावीर मानला जातो. मॅग्ज त्याच जातीची आहे. नायकाखेरीज इतरांच्या वृत्तान्तालाही नाट्यशास्त्रात नावे आहेत: सुग्रीवाची लांब चालणारी कथा ही पताका, आणि जटायूचा थोडक्यात संपणारा प्रसंग ही प्रकरी. शब्द आपल्या घरात असताना ते वापरायचे सोडून आपण मराठीच अपुरी आहे असे म्हणत राहतो, याचे मला खरोखर वाईट वाटते.

उपसंपादक:
बाई, आपल्याविषयी आदर ठेवूनच सांगतो की आठवीतल्या मुलीला 'दयावीर' वाचून दया येणारा कोणीतरी वाटेल, आणि 'दानवीर' हा शब्द तर आता कर्णापुरता आणि देणगीदारांच्या सत्कारापुरता उरला आहे. भाचीचा आक्षेपही मला पूर्ण पटत नाही. १९५७ पासून मुलांना जे राष्ट्रीय शौर्य पुरस्कार दिले जातात, त्यांच्या बातम्या मी वर्षानुवर्षे लावल्या आहेत. बुडणाऱ्याला बाहेर काढणारी किंवा आगीतून धाकट्या भावाला ओढून आणणारी ही मुले कोणाशी लढलेली नसतात आणि तरीही वाचक 'शौर्य' हा शब्द सहज स्वीकारतात. वापराने अर्थ रुंदावला आहे, तेव्हा तोच शब्द ठेवावा.

पन्हाळ्याकडचा वाचक:
उपसंपादकांचे म्हणणे बातमीपुरते ठीक आहे, पण आमच्या भागात ऐकलेले वेगळे आहे. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटले, तेव्हा बाजीप्रभू खिंडीत लढले आणि शिवा काशीद महाराजांच्या वेषात पालखीत बसून शत्रूच्या हाती गेला. लहानपणापासून मी बाजीप्रभूंसाठी 'शौर्य' आणि 'पराक्रम' ऐकत आलो, शिवा काशीदसाठी मात्र 'बलिदान' आणि 'स्वामिनिष्ठा'. दोघांचाही जीव गेला, पण ज्याच्या हातात तलवार होती त्यालाच शौर्य मिळाले. म्हणजे भाचीचा कान अगदी मराठी आहे. माझ्या मते इथे शब्द नको, वाक्प्रचार हवा: 'जिवावर उदार होणे'. त्यातला 'उदार' हा शब्द पाहा, जीव देऊन टाकण्याला आपण औदार्य म्हटले आहे.

भाषांतरकर्ती:
'जिवावर उदार' मनाला भिडले. परंतु माझ्या लेखात 'कॅचिंग फायर'मधलाच सिन्नाही आहे. तो कपडे बेतणारा कारागीर. नायिकेचा लग्नाचा पोशाख सर्वांच्या डोळ्यांदेखत जळून त्यातून बंडाचे चिन्ह असलेला पक्षी उमटेल, असा तो शिवतो, आणि त्याबद्दल तिच्यासमोर मार खातो. शिवाय १९९३ च्या 'द गिव्हर'मधला म्हातारा आहे, जो मुलाबरोबर पळून न जाता लोकांना आठवणींचा भार पेलता यावा म्हणून मागे थांबतो. मागे थांबणाऱ्याला 'जिवावर उदार' म्हणता येईल का?

इतिहासाचा अभ्यासक:
'मर्दुमकी' कोणीच कसे सुचवले नाही? फारसीत 'मर्दुम' म्हणजे माणसे, लोक. त्यात पुरुषच असला पाहिजे असे नाही. मुळाकडे पाहिले, तर म्हातारीची मर्दुमकी हा प्रयोग निर्दोष ठरतो.

निवृत्त संस्कृत शिक्षिका:
मुळात काहीही असो, मराठी कानाला त्यात 'मर्द'च ऐकू येतो. अगोदर आपणच म्हणालात की वापर मोठा, मग इथे व्युत्पत्ती कशी मोठी झाली?

इतिहासाचा अभ्यासक:
तसे उपसंपादक म्हणाले होते, मी नव्हे. माझा आग्रह पहिल्यापासून मुळाचाच आहे.

विदर्भातील वाचक:
माझी आजी 'धारिष्ट' म्हणत असे. घरात आजारी माणूस असताना रात्र रात्र एकटी जागणाऱ्या शेजारणीबद्दल ती म्हणायची, "तिचं धारिष्ट मोठं." मनाच्या श्लोकांतही देव भक्ताचे 'अल्प धारिष्ट' पाहतो असे आहे. त्यात तलवार नाही, पुरुष नाही, आणि मरायलाच हवे असेही नाही. मागे थांबणारा म्हातारा, सुई-दोरा हाती धरणारा सिन्ना आणि धुक्यात शिरणारी मॅग्ज, तिघेही त्यात मावतात.

निवृत्त संस्कृत शिक्षिका:
शब्द गोड आहे, पण तो 'धार्ष्ट्य' यावरून आला आहे, म्हणजे मुळात उद्धटपणा. धैर्याच्या 'धृ' धातूशी त्याचे नाते नाही.

विदर्भातील वाचक:
बाई, सत्तेपुढे उद्धट न होता सिन्नाला तो पोशाख शिवता आला असता का?

निवृत्त संस्कृत शिक्षिका:
सिन्नापुरते मान्य आहे. शेजारणीचे मात्र धैर्यच होते, आणि आपल्या आजींनाही तेच म्हणायचे असणार.