रांजणवाडी आणि पापणीवरच्या गाठी: तुमचे अनुभव लिहा

चोडणची चिंच:
काल रायबंदरच्या धक्क्यावर फेरीसाठी थांबले होते. पुढच्या स्कूटरवर आईच्या मागे सात-आठ वर्षांचा पोरगा, डाव्या डोळ्याची वरची पापणी टम्म सुजलेली, आणि तो आपला मुठीने डोळा चोळतोय. आई आरशातून बघून ओरडते, "हात काढ म्हटलं ना!" हात खाली, की लगेच परत वर. मला एकदम माझी प्राथमिक शाळा आठवली.

चौथी-पाचवीत मला एक रांजणवाडी बसते न बसते तोवर दुसरी यायची. आजी चिंचोका भाजून त्याचं साल काढायची आणि आतला गर सहाणेवर उगाळायची. तो लेप करंगळीने पापणीवर. वाळला की कातडी ताणून धरायचा, डोळा मिचकावला की त्याला भेगा पडायच्या आणि चुरा डोळ्यात. वर्गातली पोरं "कोणाच्या ताटात डोळा घातलास गो?" म्हणून छळायची ती वेगळीच. शेवटी बाबांनी म्हापशाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मलम दिलं आणि मग भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. वरच्या ओळींच्या पुढे गाडी जाईना! फळा दिसत नाही म्हणून मी दिवसभर डोळे बारीक करायची, चोळायची, तेही लगोरी खेळून आलेल्या हातांनी. चष्मा लागला आणि रांजणवाड्यांचा ससेमिरा सुटला.

तर लिहा आपापलं. घरचे उपाय, डॉक्टरचे उपाय, फजिती, सगळं चालेल.

कुळागरकार:
आमच्याकडे लवंग उगाळून. इतकी झोंबायची की रांजणवाडीचा विसर पडायचा. हाच उपाय असावा.

बायोची आई:
तळहातावर बोट घासघासून गरम करायचं आणि टेकवायचं. सासूबाई अजून सांगतात. हात धुतलेले असले तर बिघडत काही नाही, शेकच तो. कुकर लावलाय, बाकी मागाहून.

निवृत्त सिस्टर:
डोळ्यांच्या ओपीडीत नोकरी झाली माझी, म्हणून थोडं लांबण लावते.

पहिलं बघायचं ते हे की गाठ दुखते का. लाल, ठणकणारी, हात लावू न देणारी, टोकाला पिवळं तोंड धरणारी ती रांजणवाडी. पापणीच्या केसाच्या मुळाशी बारीक ग्रंथी असतात, त्यात जंतू शिरतात. बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस, म्हणजे आपल्या कातडीवर, नाकात एरवीही असणारे. आठवड्या-दोन आठवड्यांत फुटून किंवा जिरून जाते.

दुसरी असते कॅलाझिऑन. पापणीच्या आत तेल तयार करणाऱ्या ग्रंथी असतात, वरच्या पापणीत २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३०. त्यांचं तेल अश्रूंवर पसरतं, म्हणून डोळा कोरडा पडत नाही. एखादीचं तोंड बुजलं की तेल आत साचून घट्ट होतं आणि वाटाण्यासारखी गाठ हाताला लागते. सहसा दुखत नाही, पण आठवडे, कधी महिने राहते.

शेक दोन्हीला. स्वच्छ फडकं कोमट पाण्यात बुडवून, पिळून, १० ते १५ मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा. गार झालं की परत बुडवायचं, यातच लोक कंटाळतात. गाठ दुखणारी नसेल तर नंतर बोटाने केसांच्या कडेकडे हलका मसाज. फोडायची, दाबायची नाही. टॉवेल वेगळा. काजळ आणि लेन्सना सुट्टी. आणि लवंग, चिंचोका, मिरी डोळ्याच्या इतक्या जवळ नको हो.

ताप आला, सगळी पापणी सुजून डोळा उघडेना, डोळा पुढे आल्यासारखा दिसला, हलवताना दुखला किंवा दिसायला कमी झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. मुलांच्या बाबतीत तर उद्यावर ढकलायचंच नाही.

चोडणची चिंच:
सिस्टर, देव बरें करूं! आजीचा चिंचोका मात्र मनातून जाणार नाही 😀

सुकं बांगडं:
कोमट पाण्याच्या फडक्याचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी: उकडे तांदूळ मूठभर घेऊन धुतलेल्या सुती मोज्यात भरा, गाठ मारा, तव्यावर गरम करा. बराच वेळ ऊब धरतो. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा.

कुळागरकार:
आणि नंतर त्याच तांदळाची पेज? 😂

सुकं बांगडं:
मोजा कोणाचा त्यावर आहे पात्राव.

मोगरा डिचोली:
आमच्या घरी उकडलेलं अंडं रुमालात गुंडाळून शेकायचे. सिस्टर, चालतं का?

निवृत्त सिस्टर:
नको. वरून गार वाटलं तरी आतून धगधगत असतं. पापणीची कातडी शरीरात सगळ्यात पातळ, भाजलेले पेशंट बघितलेत.

बायोची आई:
श्रावणात अंडं कुठून आणायचं तेही सांगा. आमच्याकडे चवथ होईपर्यंत नाव काढायचं नाही.

फोंडेकरीण:
माझी कॅलाझिऑन कापून काढलेली आहे. शेकून शेकून कंटाळले, तीनेक महिने झाले तरी जाईना, वरच्या पापणीवर वजन ठेवल्यासारखं वाटायचं आणि त्या डोळ्याने धुरकट दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, गाठ बुबुळावर दाब देते, त्यामुळे नंबर बदलल्यासारखं होतं.

घाबरलेल्यांसाठी सविस्तर सांगते. आधी डोळ्यात थेंब. मग पापणीत सुई, दुखलं ते तेवढंच, पण चांगलंच दुखलं, डोळ्यातून पाणी आपोआप कानापर्यंत. नंतर एक गोल कडीचा चिमटा लावून पापणी उलटी केली. काप आतल्या बाजूने घेतात, म्हणून बाहेर व्रण नाही आणि टाकाही नाही. इवल्याशा चमच्याने खरवडतात, ते खरवडणं जाणवतं पण दुखत नाही. मला आपलं नारळ खोवण्याचा आवाज डोक्यात येत होता. पाच-दहा मिनिटांत मोकळी. डोळ्यावर जाड पट्टी, मलम, आणि "उद्या काळंनिळं दिसेल, घाबरू नका."

खरी परीक्षा पुढे. एक डोळा बंद करून ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून बोरीपर्यंत. खड्डे दिसत नव्हते, लागत मात्र होते.

मोगरा डिचोली:
बापरे. सुई पापणीत??

फोंडेकरीण:
बाळंतपण झालंय ना तुझं? मग काय घाबरतेस.

एकटा जीव:
दिरांना चाळिशीनंतर सारख्या रांजणवाड्या. मलम लावलं की बरं, मलम संपलं की नवी. डॉक्टरांनी साखर बघायला लावली, उपाशीपोटी दोनशेच्या जवळ. कोणाला माहीतच नव्हतं. आता गोळ्या चालू, भातावर नियंत्रण, रांजणवाड्या बंद.

सुकं बांगडं:
'एकटा जीव' नाव घेऊन दीर कुठून आणले हो?

एकटा जीव:
बायको माझ्या फोनवरून लिहिते आहे. तिला अकाउंट काढायचं नाही.

निवृत्त सिस्टर:
वैनी, चांगलं केलंत लिहून. परत परत येत असतील तर साखर बघावी, नंबर बघावा, आणि पापणीच्या कडेला कोंडा आहे का तेही बघावं. केसांच्या मुळाशी खपल्या दिसल्या तर शेकून झाल्यावर कड रोज पुसून काढायची.

धारगळचा पोर:
मी आयुर्वेदाचा विद्यार्थी, थोडं आमच्या बाजूने. सुश्रुतसंहितेत डोळ्याचे ७६ रोग सांगितलेत, त्यातले २१ नुसते पापणीचे. रांजणवाडीला अंजननामिका म्हणतात: आग होणारी, टोचणारी, तांबूस, बारीक पुटकुळी. आणि लगण म्हणजे न पिकणारी, टणक, न दुखणारी, बोराएवढी गाठ. सिस्टरनी जो दुखते-न दुखते फरक सांगितला तोच. उपचारातही आधी शेक, फुटल्यावर दाबून स्वच्छ करायची, पण ती वैद्याने. आरशासमोर उभं राहून आपण नव्हे.

कुळागरकार:
हे आमच्या भावाला सांगा. त्याने रात्री फोडली, सकाळी गालापर्यंत सूज. आठवडाभर अँटिबायोटिक गोळ्या.

आबोली:
वाचत होते, लिहू की नको असं झालं. माझ्या आईचं सांगते. वय सत्तरीपुढे. वरच्या पापणीवर गाठ, दुखत नव्हती. काढली. काही महिन्यांनी त्याच जागी परत. परत काढली. पुन्हा आली तेव्हा तिथले पापणीचे केसही गळले होते. मग बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, दाखवलं, त्यांनी तुकडा तपासायला पाठवला. तेलग्रंथीचा कॅन्सर निघाला. पापणीचा तेवढा भाग काढून पापणी परत उभी केली. आई आज बरी आहे, स्वतःच्या हाताने अबोलीचे वळेसर (गजरे) करते. पण म्हाताऱ्या माणसांच्या गाठीला "रांजणवाडी आहे, जाईल" म्हणू नका एवढंच.

चोडणची चिंच:
आबोली, आईला नमस्कार सांग. लिहिलंस ते फार बरं केलंस.

मोगरा डिचोली:
🙏 काळजी घे बाय.

निवृत्त सिस्टर:
अगदी बरोबर. पापणीचा हा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे जास्त आढळतो आणि तो कॅलाझिऑनचं सोंग घेतो. उतारवय, तीच जागा, केस गळणं, पापणीची कड जाड होणं: यातलं काही असलं तर काढलेली गाठ फेकू द्यायची नाही, तपासायला पाठवा म्हणून आपण होऊन सांगायचं.

बायोची आई:
आले. ह्यांच्या दोन्ही डोळ्यांवर नाकाच्या बाजूला पिवळट चट्टे आहेत, सपाट, दुखत नाहीत. ही पण रांजणवाडीच का?

निवृत्त सिस्टर:
नाही, झँथेलाझ्मा असावा. कातडीखाली चरबी साठते. डोळ्याला त्रास नाही, पण कोलेस्टेरॉल तपासून घ्या. साधारण निम्म्या लोकांचं नॉर्मलच येतं, तरी बघावं.

बायोची आई:
आता कळलं! रविवारचा चोरीस-पाव (डुकराच्या मांसाचं गोवन सॉसेज आणि पाव) बंद 😄

सुकं बांगडं:
वैनी, माणसाला जगू द्या.

जत्रेचा राजा:
आमच्या गावच्या जत्रेच्या नाटकाचं सांगतो. बजेट तुटपुंजं, मेकअपवाला एक, पेन्सिल एक. राजापासून द्वारपालापर्यंत सगळ्यांच्या भुवया-पापण्या त्याच पेन्सिलीने, मधेमधे थुंकी लावून टोक ओलं करायचा तो. पुढच्या आठवड्यात मी, सेनापती आणि विदूषक, तिघांनाही रांजणवाड्या. शेजारच्या वाड्यावर तोच प्रयोग परत होता. सुजलेल्या डोळ्याने मी "प्रधानजी, राज्यात काय चाललंय ते आम्हाला दिसतंय!" म्हटलं तर मागच्या रांगेतून आवाज, "एकाच डोळ्यान दिसता!"

चोडणची चिंच:
🤣🤣 कुठल्या तालुक्यातलं नाटक हे?

जत्रेचा राजा:
पेडणे. गाव सांगत नाही, मेकअपवाला अजून आहे.

फोंडेकरीण:
आमच्याकडे आता प्रत्येकाने आपापली पेन्सिल आणायची असा नियम झालाय. स्त्री पात्रं मात्र अजून बाहेरून मागवावी लागतात.

जत्रेचा राजा:
आमच्याकडे गावातल्याच दोघी करतात. यंदा ऐतिहासिक घेतलंय, तालमी देवळाच्या मंडपात रात्री जेवणं झाल्यावर. तलवारी कोणाकडे आहेत का? आमच्या मागच्या पावसात गंजल्या.

कुळागरकार:
लाकडाच्या चालतील? दोन आहेत, एकीची मूठ सैल आहे.